नकलेवर नंबर कशाला?

अण्णांनी पानावर अंगठा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला आणि म्हणाले, "सपाट आहे."

अण्णा आमच्या शेजारचे. नाशिकरोडला कुणी 'प्रेसमध्ये होतो' म्हटलं की पुढे फारसं विचारावं लागत नाही. तिकिटं नाहीतर नोटा, दोन्हींपैकी एक. १९२५ पासून इथं तिकिटं छापली जातात, १९२८ पासून नोटा. अण्णा नोटांकडचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कागद समोर आला की आधी त्यांचा अंगठा जातो, मग डोळे.

समोर होतं ते पुस्तक आमच्या एका डॉक्टर मित्राचं. त्याच्या साठीला मुलीनं जर्मनीहून आणलेलं. बेसिलियस बेस्लर नावाच्या औषधविक्यानं जर्मनीतल्या आइशटेटच्या बिशपच्या बागेतल्या झाडांचा एक भलामोठा चित्रग्रंथ १६१३ साली काढला, त्याची हुबेहूब आवृत्ती. ३६७ चित्रपानं. पुस्तक ठेवायला जेवणाच्या टेबलावरची भांडी हलवावी लागली. उघडलं ते सूर्यफुलाशी. पान भरून फूल, इतकं मोठं की देठाला जागाच उरलेली नाही. आम्ही सगळे 'वा' म्हणालो आणि अण्णा म्हणाले, सपाट आहे.

मग त्यांनी खिशातून शंभराची नोट काढली आणि डॉक्टरांचा अंगठा गांधीजींच्या चित्रावर ठेवला. "लागतं ना हाताला?" लागत होतं. रेघ धातूत कोरायची, तिच्यात शाई भरायची, वरची शाई पुसून काढायची आणि कागद प्रचंड दाबाखाली त्यावर घालायचा. कागद चरीत उतरतो आणि शाई घेऊन वर येतो. रेघ कागदावर उभी राहते. प्रेसमधली माणसं याला इंटॅग्लिओ म्हणतात. बेस्लरचं मूळ पुस्तक असंच तांब्याच्या पत्र्यांवरून निघालं होतं. टेबलावरची प्रत ऑफसेटवर निघालेली, म्हणजे ठिपक्यांची.

"म्हणजे खोटं म्हणायचं का हे, अण्णा?" डॉक्टर जरा हिरमुसलेच.

"खोटं कसं? खरं म्हणून चालवलं तर खोटं. हे कुठं म्हणतंय मी खरं आहे?"

इथवर ठीक होतं. पण डॉक्टरांनी त्यानंतर एक माहितीपत्रक काढलं. बार्सिलोनाच्या एका नामांकित प्रकाशकाचं. हा प्रकाशक जुन्या हस्तलिखितांच्या, त्यात मध्ययुगीन वनौषधींच्या चित्रपोथ्याही आल्या, अशा काही प्रती काढतो की कागदाचा पोत, सोन्याचा वर्ख, चामड्याची बांधणी, किड्यांनी पाडलेली भोकंसुद्धा मुळाबरहुकूम. प्रत्येक ग्रंथाच्या प्रती ९८७. प्रत्येकीवर क्रमांक आणि सोबत नोटरीचं प्रमाणपत्र. किंमत हजारो युरोंत, म्हणजे आपल्याकडे लाखांत. डॉक्टर आणि त्यांच्या चार मित्रांचा विचार असा की वर्गणी काढून अशी एक प्रत घ्यावी आणि शहरातल्या एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाला भेट द्यावी. नाशिकमध्ये आयुर्वेदाची परंपरा आहे, आरोग्य विद्यापीठ आहे, शोभेल. वर्गणीचं आवाहन मी लिहावं असं ठरलं.

अण्णा माहितीपत्रक वाचून हसले. "नोटेवर नंबर असतो तो खरी-खोटी कळावी म्हणून. नकलेवर नंबर कशाला?"

आवाहन मी लिहिलं नाही. त्याऐवजी हे लिहितो आहे, कारण प्रश्न आमच्या पाच-सहा जणांच्या वर्गणीपुरता नाही. जुन्या ग्रंथांच्या हुबेहूब प्रती सार्वजनिक पैशानं घ्याव्यात का, आणि घ्याव्यात तर कसल्या, यावर आपल्याकडे कुणी बोलत नाही. ग्रंथालयाला महागडी वस्तू मिळाली की सत्कार होतो, वर्तमानपत्रात फोटो येतो आणि विषय संपतो.

माझा हुबेहूब प्रतींना विरोध नाही. उलट मला त्या हव्यातच. निवडक चित्रांची गुळगुळीत पुस्तकं असतात ना, दिवाणखान्यात ठेवायची, ती मला नकोत. त्यांत फुलं राहतात आणि माणसं गळतात. माणसं पुस्तकाच्या कडेला असतात: प्रस्तावनेत, दाखल्यात, शेवटच्या पानावर. लिओनहार्ट फुक्सचा वनस्पतिग्रंथ १५४२ साली बाझेलला छापला गेला, पाचशेवर लाकडी ठशांचा. त्यात शेवटी तीन माणसांची चित्रं आहेत. झाडं काढणारा आल्ब्रेख्ट मायर, ती ठोकळ्यावर उतरवणारा हाइनरिख फ्युलमाउरर आणि ठोकळा कोरणारा फाइट रुडॉल्फ श्पेकले. लेखकाचं चित्र त्या काळी पुस्तकांत असे, कारागिरांचं नसे. निवडक आवृत्ती काढणारा हे पान पहिल्यांदा उडवणार, कारण त्यात फूल नाही. याच पुस्तकात मिरचीचं झाड आहे आणि तिला फुक्सनं कालिकतची मिरी म्हटलं आहे. मिरची अमेरिकेची. ती पोर्तुगीज गलबतांतून इकडे आली आणि युरोपातल्या पंडिताला वाटलं ही हिंदुस्थानातलीच. ठेच्याशिवाय घास न उतरणाऱ्या आपल्या लोकांनाही ती परकी वाटत नाही, तेव्हा फुक्सला हसण्यात अर्थ नाही. पण चूक चुकीसकट छापलेली दिसली पाहिजे. नव्या आवृत्तीत कुणीतरी ती दुरुस्त करून टाकतो.

याहून जवळचं उदाहरण 'होर्तुस मलबारिकुस'चं आहे आणि त्याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे.

डच कंपनीचा कोचीनचा अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हेडे यानं मलबारच्या झाडांवर बारा खंड तयार करवले. ते १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला लॅटिनमध्ये छापले गेले. सातशेवर वनस्पती, आठशेच्या आसपास तांब्याच्या पत्र्यांवरची चित्रं. शेवटचे खंड निघायच्या आधीच १६९१ मध्ये ऱ्हेडे जहाजावर वारला आणि सुरतेला पुरला गेला. सुरत इथून सापुताऱ्यावरून पाच-सहा तासांची, पण तिथं जाऊन ती कबर पाहून आलेला नाशिककर मला अजून भेटलेला नाही. मीही गेलेलो नाही.

पहिल्या खंडात सुरुवातीला काही दाखले आहेत, झाडांची माहिती देणाऱ्यांनी लिहून दिलेले. एक इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचा. जातीनं एळवा, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं खालचा, आणि झाडांचं मुख्य ज्ञान त्याचं. दुसरा दाखला रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांचा. भाषा कोकणी, लिपी नागरी, साल १६७५. म्हणजे रायगडावरच्या राज्याभिषेकाच्या दुसऱ्या वर्षी. छापील पुस्तकात आलेल्या नागरी अक्षरांच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत हे पान मोजलं जातं. ॲम्स्टरडॅममध्ये ज्या कारागिरानं ते तांब्यावर कोरलं त्याला ही लिपी येत नसणार. त्यानं अक्षरं अक्षरं म्हणून कोरली नसतील, झाडाची पानं-देठ कोरावेत तशी कोरली असतील. चित्रांवरही झाडांची नावं अनेक लिप्यांत आहेत आणि त्यात नागरी आहे.

हे पान मी पहिल्यांदा पाहिलं ते फोनवर. पुस्तक मोफत स्कॅन होऊन नेटवर आहे, कुणालाही उतरवून घेता येतं. मग हुबेहूब छापील प्रत कशाला, असा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर त्या चित्रांच्या मापात आहे. बहुतेक चित्रं समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेली आहेत. स्कॅनमध्ये काही ठिकाणी त्यांची दोन अर्धी झाली आहेत. वेल एका पानावर चढतो आणि दुसऱ्या पानावर पोचेपर्यंत बोट सरकवावं लागतं. फोनवर फणसाचं चित्र आणि गवताचं चित्र एकाच मापाचं होऊन जातं. टेबलाभोवती चार माणसं उभी राहून एका चित्रावर बोटं ठेवून भांडू शकतात, तसं फोनवर होत नाही. म्हणून प्रत हवी, मोठी हवी, सगळ्या पानांसकट हवी.

पण मग ९८७ का?

पूर्वी प्रती कमी निघत याला कारण होतं. तांबं मऊ असतं. प्रत्येक दाबाला कोरलेली चर झिजते. काही शे, फार तर दोन-तीन हजार ठशांनंतर रेघ फिकी पडू लागते आणि पुन्हा कोरावी लागते. शिवाय रंगीत प्रत म्हणजे पानन् पान हातानं रंगवायचं. बेस्लरच्या ग्रंथाची साधी प्रत ३५ फ्लोरिनला आणि रंगवलेली ५०० फ्लोरिनला विकली जाई. हे रंगाऱ्यांच्या मजुरीचे आणि वर्षांचे पैसे होते. त्या ग्रंथाचे तांब्याचे पत्रे पुढे म्युनिकच्या टांकसाळीत वितळवले गेले असंच दीर्घकाळ मानलं जात होतं. नंतर त्यांतले तीनशेवर पत्रे व्हिएन्नात सापडले. अण्णांना हे सांगितलं तर त्यांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. तांबं दिसलं की टांकसाळवाल्याचा हात थरथरतो म्हणाले.

आता ऑफसेटला असली झीज नाही. डिजिटल फाइलला तर नाहीच. ९८७ वर थांबायला धातूनं सांगितलेलं नाही, कागदानं सांगितलेलं नाही, ते नोटरीनं सांगितलं आहे. टंचाई छापखान्यात पडलेली नाही, ती करारात लिहून घेतलेली आहे. आणि ज्या मुळावरून ही प्रत निघते ते मूळ बहुतेक वेळा कुठल्या तरी सार्वजनिक ग्रंथालयाचं असतं. लेखक मरून चारशे-पाचशे वर्षं झाली, हक्क कुणाचे नाहीत, पोथी जनतेच्या पैशावर सांभाळलेली. तिची नक्कल मात्र ९८७ च्या आत मोजलेली. खाजगी माणसानं ती हौसेनं घ्यावी, माझी हरकत नाही. लोक मोटारींचे आकडे लाखात घेतात. सार्वजनिक पैशानं आकडा विकत घ्यायचा का, एवढंच विचारतो आहे.

दुसऱ्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे आणि डॉक्टरांनी ते बोलूनही दाखवलं. उत्तम प्रत निघाली की मूळ पोथीला हात लावायची गरज कमी होते. हे खरं आहे. सहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलला तयार झालेली, डायोस्कोरिडिस या ग्रीक वैद्याच्या वनौषधिग्रंथाची चित्रपोथी व्हिएन्नात आहे. तिची प्रत ग्राट्सच्या एका प्रकाशकानं १९६५ पासून पाच-सहा वर्षांत काढली, म्हणून जगभरच्या अभ्यासकांना ती व्हिएन्नाला न जाता वाचता आली. अशा प्रतींसोबत जो अभ्यासखंड येतो तो अनेकदा पोथीइतकाच मोलाचा असतो, आणि तो लिहून घ्यायला पैसे लागतात. महाग प्रत विकून ते उभे राहतात. मान्य. पण मग अभ्यासखंड स्वस्तात वेगळा विका. तो तर शब्दांचा आहे, त्याला सोन्याचा वर्ख लागत नाही. डॉक्टरांचा शेवटचा मुद्दा असा होता की महाग वस्तू असली की लोक जपतात. त्याला माझं उत्तर पुढच्या प्रसंगात आहे.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या ग्रंथालयात अशी एक देणगी आलेली प्रत असल्याचं कळलं. नाव सांगत नाही, माणसं भली आहेत. मी गेलो तर ती काचेच्या कपाटात होती आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे त्या बाई रजेवर. दुसऱ्यांदा गेलो तर किल्ली होती, पण अध्यक्षांची परवानगी लागेल म्हणाले. तिसऱ्यांदा परवानगी घेऊन गेलो. पेटी उघडली. पानांमधले पातळ संरक्षक कागद जसेच्या तसे, एकही सुरकुतलेला नाही. भेट मिळून सहा वर्षं झाली होती. ग्रंथपालांनी मला पांढरे हातमोजे दिले आणि मी पानं उलटत असताना ते शेजारी उभे राहिले, बिचारे, स्वतःही न वाकता. वाकून पाहण्यासारखं चित्र होतं. मी म्हटलं, बघा ना. ते म्हणाले, "नको, काही झालं तर नोंद मला द्यावी लागेल." ती प्रत तिथं सांभाळली जाते यात शंका नाही. माझी तक्रार तेवढीच आहे.

गावातल्या ड वर्गाच्या, म्हणजे सरकारी यादीत सर्वांत खालच्या, वाचनालयाचं वर्षाचं सरकारी अनुदान लाखाच्या आत असतं. त्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज आणि ग्रंथपालाचा पगार. पगार म्हणायची आपली पद्धत. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालत आलं ते लोकांच्या वर्गणीवर आणि लोकांच्या हाताळण्यावर. हाताळून फाटलेलं पुस्तक बांधून घ्यायची सोय तिथं पिढ्यान्पिढ्या लागते. त्याच परंपरेतल्या शहरात हात न लावण्याची वस्तू वर्गणीतून घ्यायची, हे मला उलटं वाटतं.

बिननंबरी हुबेहूब आवृत्त्या आपल्याकडे निघाल्याच नाहीत असंही नाही. जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरांचं पानन् पान जसंच्या तसं महाराष्ट्र सरकारनं पुन्हा छापलं, मास्तरलाही परवडेल अशा किमतीत. माझ्याकडे दोन-तीन जिल्ह्यांचे खंड आहेत. बांधणी सुमार, कागद बरा, मजकूर शाबूत. समासात मी पेन्सिलीनं लिहून ठेवलं आहे आणि मला कुणाची नोंद द्यावी लागत नाही. वनस्पतिग्रंथांचं असं का झालं नाही?

केरळात वेगळ्या वाटेनं झालं. के. एस. मणिलाल या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकानं 'होर्तुस मलबारिकुस'चा पाठलाग करण्यात आयुष्य घातलं. चित्रातलं प्रत्येक झाड आज कुठलं ते प्रत्यक्ष शोधलं, लॅटिनमधून इंग्रजी केलं. केरळ विद्यापीठानं ते २००३ मध्ये काढलं आणि मल्याळम २००८ मध्ये. बारा खंड. रंगभट-विनायक पंडितांचा नागरी दाखला आज एखाद्या मल्याळी विद्यार्थ्याला त्याच्या भाषेत समजावून मिळतो. मराठीत यातलं काही नाही, आणि ती लिपी वाचायला आपल्याला दुभाषाही लागत नाही.

आपल्या घरचं म्हणाल तर ले. कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. १९०९ साली बडोद्याला साहित्य संमेलन झालं त्याचे अध्यक्ष. पेशानं डॉक्टर, नादानं वनस्पतिशास्त्रज्ञ. बामनदास बसूंबरोबर त्यांनी भारतीय औषधी वनस्पतींचा चित्रग्रंथ रचला, हजारावर चित्रपानांचा. १९१७ मध्ये कीर्तिकर गेले, पुस्तक १९१८ मध्ये आलं. संमेलनाध्यक्षांच्या याद्या पाठ असलेल्या लोकांना हे माहीत नसतं, आणि आयुर्वेदाच्या ज्या मुलांना हे पुस्तक माहीत असतं त्यांना कीर्तिकर मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते हे माहीत नसतं. मी घेतलेल्या पुनर्मुद्रणात चित्रं इतकी काळवंडली आहेत की गुळवेल आणि पहाडवेल अंदाजानंच ओळखायचे. चांगल्या पहिल्या प्रतीवरून नीट स्कॅन करून, मूळ मापात, नंबर न घालता हे पुन्हा छापायला कितीसा खर्च येईल? एका सोनेरी वर्खाच्या प्रतीएवढ्या पैशांत सुरुवात तरी नक्की होईल.

आणि दापोडी. पुण्याजवळच्या दापोडीला इंग्रजांची वनस्पती बाग होती, डॉ. अलेक्झांडर गिब्सन तिचे प्रमुख. १८५० च्या आगेमागे त्यांनी तिथल्या झाडांची रंगीत चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबराच्या वनस्पती उद्यानात आहेत आणि त्यांच्यावर तिकडे पुस्तकही निघालं आहे. चित्रकाराचं नाव राहिलेलं नाही. 'पोर्तुगीज चित्रकार' एवढीच त्याची ओळख उरली. फुक्सनं १५४२ मध्ये आपल्या तिघांना पान दिलं होतं.

वर्गणी काढायचीच असेल तर माझं म्हणणं असं: पोथी नंबरी नको, सुटी चित्रं काढू. मूळ मापात, जाड कागदावर, मागं मराठीत माहिती आणि मोकळी जागा, म्हणजे पाहणाऱ्यानं आपल्याकडचं नाव लिहावं. शाळेत, आयुर्वेद महाविद्यालयात, सुरगाणा-पेठच्या वाचनालयांत पाठवू. फाटलं तर दुसरं. आणि आपल्या वाड्यांतून, मठांतून, संस्थांतून ज्या वैद्यकाच्या पोथ्या आहेत त्या उद्या कुणी परदेशी प्रकाशक मोठं पाकीट घेऊन छापायला मागेल, तेव्हा करारात 'मर्यादित प्रती' हे दोन शब्द दिसले की सही करू नये. डॉक्टर म्हणाले, सुट्या चित्रांचा सत्कार कोण करणार? हे मात्र मला सुचलं नव्हतं.

एक चित्र मी करून पाहिलं. 'होर्तुस'च्या नवव्या खंडात कंदीलफुलाच्या कुळातला एक वेल आहे. झाडांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून देणाऱ्या लिनिअसनं त्याचं नाव ठेवलं ते याच चित्रावरून. आमच्या नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावर याच कुळातली एक जात आहे जी शास्त्राला या शतकातच कळली आणि अंजनेरीचंच नाव घेऊन कळली. म्हणून हे चित्र निवडलं. कॉलेज रोडच्या झेरॉक्सवाल्या पोरानं स्कॅनमधली दोन अर्धी जुळवली, जोडावर एक पान किंचित सरकलं, आणि ए-थ्री जाड कागदावर चाळीस रुपयांत काढून दिलं. मूळ याहून मोठं आहे, पण सुरुवात म्हणून ठीक.

भाद्रपदात ते गुंडाळी करून अंजनेरीला नेलं. पायथ्याशी मक्याची कणसं भाजत बसलेल्या मावशींना दाखवलं. त्यांनी हात पदराला पुसले, चित्र मांडीवर घेतलं.

"खर्पुडी ना ही?"

"असेल. तुम्ही पाहिलीय?"

"कंद खायचो आम्ही. पोरं असताना. कच्चाच." मग चित्र उलटसुलट करून म्हणाल्या, "पण यानं वेल काढलाय. आमची वरची वेल नसते. उभी असते. एवढी." आणि हातानं माप दाखवलं. अंजनेरीची जात खरंच वेल नाही, उभं झुडुपवजा रोप आहे. कुठं दिसते ते त्यांनी सांगितलं, ते इथं लिहीत नाही. कंद उकरून नेणारे मोबाइलवर वाचतात.

मागच्या मोकळ्या जागेत मी 'खर्पुडी, कंद खातात, इथली उभी' असं पेन्सिलीनं लिहिलं. कोळशाचा एक अंगठा कडेला उमटला होता. मावशींनी विचारलं, "हे ठेवू का नातीला?" मी दिलं. लिहिलेलंही त्याच्याबरोबर गेलं, ते घरी येऊन आठवून पुन्हा लिहावं लागलं. दुसरं चित्र दुसऱ्या दिवशी काढलं. कागद संपला होता म्हणून या वेळी पंचेचाळीस रुपये पडले.